मागचा दिवा

ब्रेकचा दिवा लागत नाही, हे आमच्या टेम्पोचालकाने मला दोनदा सांगितले होते. पहिल्यांदा डाव्या बाजूचा, मग आठवड्याने उजवीकडचाही. दोन्ही वेळा मी ‘उद्या पाहू’ म्हणालो. आषाढातले दिवस, माणगावहून म्हसळ्याला माल आणण्याची घाई, आणि त्या बल्बची किंमत चहा-वड्याहून फारशी अधिक नव्हती. घोणसे घाटातील एका वळणावर समोर गुरे आली. चालकाने ब्रेक दाबला, गुरे वाचली आणि मागून येणारा मोटारसायकलस्वार टेम्पोवर आदळला. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, मांडीचे हाड मोडले.

टेम्पोचा विमा होता, फिटनेस प्रमाणपत्रही मुदतीत होते. तेच कागद हातात धरून मी दोन दिवस स्वतःची समजूत घालीत राहिलो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०२ वा नियम मी त्यानंतर प्रथम वाचला. थांबण्याचा इशारा देणारा दिवा मागे, तांबड्या रंगाचा हवा आणि ब्रेक दाबताच पेटला पाहिजे. वळण्याचा इशारा पिवळसर नारिंगी, मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही आणि १२० पेक्षा अधिक नाही इतक्या वेळा लुकलुकणारा. दंड पाहावा तर पहिल्या वेळी ५०० रुपये. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीची तपासणी दोन वर्षांनी होते, पुढे दरवर्षी. म्हणजे अधिकारी वर्षातून फार तर एक दिवस गाडी पाहणार. उरलेले दिवस मालकाचे.

मिस्त्रीने मला जे दाखविले ते मात्र कोणत्याच कागदावर नव्हते. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांत मागच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, ५ वॉटची रात्री मंद जळणारी आणि २१ वॉटची ब्रेकसाठी. मोठी तार तुटली तरी लहान जळतच राहते आणि दिवा शाबूत वाटतो. वळणाचा बल्ब गेला तर बहुधा आतली टिकटिक एकाएकी जलद होते, चालकाला कळते. ब्रेकचा दिवा गेला तर गाडी काहीच बोलत नाही. ते फक्त मागच्याला कळते, आणि तेही उशिरा.

महाराजसाहेब पुढची चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकतात. ती ईर्यासमिती आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्या गाडीमागून येणाऱ्याला मात्र पुढची भूमी दिसत नाही. त्याला माझा दिवा दिसतो, तोच त्याचा डोळा. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमाद आधी घेतला आहे, प्राणहानी नंतर. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात इरियावहियं म्हणताना एकेंद्रियांपासून पंचेंद्रियांपर्यंत जीवांची गणना झाली आणि माझा स्वर अडखळला.

तिसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेलो. खर्चाचे पैसे पुढे केले. वडिलांनी ते घेतले, मोजले नाहीत. “शेठ, पोरगा वेगात होता, हे मी नाकारत नाही,” ते म्हणाले. “पण दिवा पेटला असता तर त्यानं ब्रेक मारला असता.” क्षमा मागावी म्हणून गेलो होतो; ‘मिच्छामि दुक्कडं’ हे शब्द तिथे फार हलके वाटले, म्हणून उच्चारले नाहीत. मुलगा पाच महिन्यांनी चालू लागला. त्याचा पाय अजून किंचित लंगडतो.

आता दुकान बंद करताना टेम्पो मागे घेऊन गोदामाच्या पांढऱ्या भिंतीशी लावतो. चालक ब्रेक दाबतो, मी भिंतीवर तांबडे दोन डाग पडतात का पाहतो. मग डावे, उजवे. ताडपत्रीचा पदर दिव्यावर लोंबत नाही ना, तेही. गेल्या मंगळवारी पहाटे निघताना पुन्हा पाहिले तर एकच डाग पडला. बल्ब बदलेपर्यंत अर्धा तास गेला, श्रीवर्धनच्या व्यापाऱ्याचे दोन फोन आले. मी दोन्ही वेळा त्यांना खरे कारण सांगितले. दुसऱ्या वेळी ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “थांबा, आमच्याही गाडीचा पाहतो.”