खर्ड्याची मोजदाद

११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम खर्ड्याजवळ लढले. निजाम अलीला खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला आणि तहात आपला दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन करावा लागला. पेशवाईतला हा शेवटचा मोठा विजय, म्हणून खर्डा हे नाव आपल्याला शाळेपासून पाठ असतं. लढाईचा निकाल एका दिवसात लागला. गावची पेठ मात्र त्यानंतरही शंभर वर्षं भरभरून चालली, आणि तिच्याविषयी कोणी फारसं बोलत नाही.

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात जामखेड तालुक्यातल्या या गावी पाचशेहून अधिक व्यापारी, दुकानदार आणि सावकार असल्याची नोंद आहे. बालाघाटाकडून धान्य आणि देशी कापड इथे उतरायचं आणि इथून पश्चिमेला, पुण्याकडे जायचं. मंगळवारी जनावरांचा बाजार भरायचा, तो तेव्हा नगर जिल्ह्यातला सगळ्यात मोठा. आज जनावरांचा बाजार म्हटलं की जिल्ह्यातले लोक शुक्रवारचं घोडेगाव सांगतात, शनिवारचं काष्टी सांगतात. खर्ड्याचं नाव ओठावर येत नाही.

पेठेबरोबर काय काय गेलं, काय जायच्या वाटेवर आहे, त्याची ही मोजदाद. सगळं एकट्या खर्ड्याचं नाही. जामखेड, मिरजगाव, राशीन, वांबोरी, पाथर्डी, बाजाराचं कुठलंही गाव घ्या, यादी थोड्याफार फरकाने हीच निघेल.

*

बैलांचे तांडे. लमाण-वंजाऱ्यांच्या पाठाळ बैलांवरून मीठ खाली कोकणातून वर यायचं आणि धान्य परत जायचं. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. त्या सुमाराला दुष्काळ होता आणि तिच्या कामावर दुष्काळी माणसं लागली होती. ही लाइन जिल्ह्याच्या मधून गेली, जामखेड तालुका पूर्वेला लांब राहिला. मग १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी आली आणि पुढे लातूरपर्यंत गेली; ती खर्ड्याच्या पलीकडून. दोन रुळांच्या मधे पेठ सापडली, आणि दोन्हीकडचा माल तिला वळसा घालून जाऊ लागला. खर्ड्याच्या उतरणीचं मला दिसणारं पहिलं कारण हे. लढाईचा त्यात काही संबंध नाही.

करोडगिरी. खर्डा इंग्रजी मुलखाच्या टोकाला, भूम-आष्टीकडे गेलं की निजामाची हद्द. हद्दीवर निजामाच्या जकातीचा नाका, त्याला करोडगिरी म्हणत. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली. हद्दीवरच्या बाजारात बसणाऱ्याला दोन्ही नाणी ओळखावी लागत, आणि दोन्हींतला बट्टा तोंडी काढता यावा लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली, १९५६ मध्ये दोन्ही बाजू एकाच राज्यात आल्या. ही एक गोष्ट गेली ते चांगलं झालं.

पेठेचा कौल. बाजार आपोआप भरत नसे. राज्यकर्ता कौल देई, नव्या पेठेत येणाऱ्या वाण्या-उदम्याला काही वर्षं पट्टी माफ असे, शेटे-महाजन नेमले जात, आणि तंटा झाला तर तो कुठे तुटेल हेही ठरलेलं असे. निजामाच्या पदरी असलेल्या निंबाळकरांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर इथे किल्ला बांधला, गावात वाडा बांधला. त्यांच्याच आधाराने पेठ धरली. ऑस्ट्रियासारख्या देशात शेकडो वर्षांपूर्वी राजाने ज्या गावाला बाजाराचा हक्क दिला, ते गाव आजही सरकारदरबारी ‘बाजारगाव’ म्हणूनच नोंदलेलं असतं आणि नावाआधी तो दर्जा लावतं. आपल्याकडे पेठेचा हक्क गेला आणि त्याची आठवणही गेली. ग्रामपंचायत बाजाराची पावती फाडते, तेवढाच काय तो दुवा.

*

पायली.

हिच्यावर थोडं थांबायला हवं, कारण बाजारातला खरेपणा हिच्या काठावर ठरायचा. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडशिरी, पायली. दर पायरीला दुप्पट. चार शेरांची पायली. बारा पायल्यांचा मण, काही भागांत सोळांचा. वीस मणांची खंडी. हे वजन नव्हे, माप. लोखंडी पायली धान्यात खुपसून भरायची आणि वर शीग लावायची. शीग म्हणजे काठाच्या वर उभा राहिलेला धान्याचा ढीग. ती किती उंच राहते ते धान्यावर आणि भरणाऱ्याच्या हातावर. ज्वारी घरंगळते, तिची शीग बसकी. बाजरी बारीक, तिची वेगळी. मापाडी एका हाताने पायली हलवून धान्य दाबून बसवी, नाहीतर न हलवता अलगद भरी. घेणाऱ्याला पहिलं हवं असे, देणाऱ्याला दुसरं. म्हणून मापाडी दोघांच्या विश्वासातला लागे.

पहिली पायली ओतताना तो ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. लाभ, दोन, तीन, चार. मोजणी संपेपर्यंत मधे कोणी बोलायचं नाही. आकडा चुकला तर पुन्हा लाभापासून.

१९५६ चा वजनमापांचा कायदा झाला आणि टप्प्याटप्प्याने किलो-लिटर सक्तीचे झाले. ते व्हायलाच हवं होतं. गावागणिक पायली वेगळी, सावकाराची द्यायची वेगळी आणि घ्यायची वेगळी, असल्या लुटीला त्या कायद्याने आळा बसला. पण पायली एकदम गेली नाही. घरात दळण काढायला, शेतमजुराला धान्य द्यायला, लग्नात तांदूळ मोजायला ती पुढे कितीतरी वर्षं राहिली. आता शेर आणि चिपटं कुंडीत माती भरायच्या कामाला लागलेत. कोळवं-निळवं तर विशीतल्या पोराला दाखवलं तरी ओळखू येणार नाही. बाजार समितीत ‘हमाल-मापाडी’ हा शब्द टिकून आहे, पण हातात माप नाही, समोर इलेक्ट्रॉनिक काटा आहे.

पेव. ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं, आतून कडबा-भुसकटाचं अस्तर. काळजी अशी की पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही. आत कोंडलेली हवा माणूस मारते. आधी कंदील दोरीने खाली सोडायचा. विझला तर थांबायचं. पेवातल्या ज्वारीला पिवळट रंग आणि एक आंबूस वास असे. दुष्काळात तीच ज्वारी गाव तगवत असे. रेशन आलं, गोदामं आली, पेवं बुजवली गेली. या भागात जुनी घरं पाडताना अजून कुठेतरी जमीन खचते आणि खाली पेव निघतं.

*

रुमालाखालचा भाव. जनावराच्या बाजारात किंमत तोंडाने सांगायची नाही. दलाल आणि गिऱ्हाईक यांचे हात उपरण्याखाली जातात, बोटं धरली-सोडली जातात. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. ते शेकडे की हजार हे दोघांना माहीत. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. याला हत्ता म्हणतात. मोंढ्यात तो शेतकऱ्याच्या मुळावर आला होता, कारण व्यापारी-व्यापारी मिळून रुमालाखाली भाव पाडत आणि माल ज्याचा तोच अंधारात राही. म्हणून बाजार समित्यांत उघड लिलाव आले. बैलाच्या बाजारात मात्र हत्त्याला दुसरीही बाजू होती. शेतकरी अडलेला असे. आपला बैल किती पडत्या भावाने गेला हे गावात होऊ नये, एवढी त्याची लाज त्या उपरण्याखाली राखली जायची.

दात. बैलाचं वय कोणी विचारत नाही, ओठ वर करून बघतात. दुधाचे दात असले तर आदत. मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळला. जुळलेल्या बैलाचं पुढचं वय दाताच्या झिजेवरून. त्याशिवाय खांदा, खूर, शेपटीचा गोंडा, अंगावरचे भोवरे. खिलार कुठला, देवणी कुठला, संकर किती, हे चार पावलं चालवून सांगणारी माणसं या बाजारांत अजून आहेत. त्यांच्यात तरुण थोडे आहेत.

आणि खुद्द बैल. ट्रॅक्टरने नांगरट घेतली हे खरं, पण तेवढंच कारण नाही. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली. त्याआधी थकलेला बैल विकून त्यात भर घालून शेतकरी नवी जोडी घेई. बाजाराचं चक्र त्या पैशावर फिरे. आता थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक नाही, आणि दारात बांधून त्याला जन्मभर कडबा घालणं दोन एकरवाल्याला परवडत नाही. मग तो नवा बैल घेतच नाही. या कायद्याने बैल वाचला असं म्हणणाऱ्यांनी बाजारात येऊन जोड्या मोजाव्यात. २०२२ मध्ये जनावरांत लम्पी रोग आला आणि जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. तुटलेले काही बाजारकरी नंतर आलेच नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यापासून शर्यतीच्या खोंडाला लाखांनी भाव येतो. औताच्या बैलाला त्याचा काही उपयोग नाही.

*

वाखाचा दोर. घायपाताची जाड पानं कापून पाण्यात कुजत घालायची. मऊ पडली की दगडावर बडवून, धुवून गर काढून टाकायचा. राहतो तो पांढरा वाख. तो वाळवून, विंचरून, मांडीवर वळून त्याच्या लडी. मग दोर पाडताना एक माणूस टोकाला आकडा फिरवत बसतो, दुसरा खाचा पाडलेला लाकडी ठोकळा हातात धरून मागे मागे सरकतो. तीन पदर त्या खाचांतून येऊन त्याच्या पुढ्यात एकमेकांत बसत जातात. ठोकळा घाईने ओढला तर पीळ सैल पडतो, रेंगाळला तर दोर गाठाळतो. बाई पीळ देते आणि बाप्या ठोकळा धरतो, नाहीतर उलट. एकट्याचं हे काम नाही.

दावं, कासरा, वेसण, मुसकी, चऱ्हाट, शिंकं. हे सगळं एका समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वळलं आणि त्या समाजाला बाजारात बसायची जागा मिळाली ती कडेला. मांगाचा दोर नसता तर एकही बैल औताला लागला नसता. तरी पोळ्याच्या दिवशी मान बैलाचा, पाटलाचा, दोर वळणाऱ्याचा कधी नाही. म्हणून हा धंदा गेला याचं दुःख करताना मला जपून बोलावंसं वाटतं. त्या घरातलं पोर आज वाख न वळता नोकरीला जातं हे चांगलंच आहे. गेली ती कसबाची किंमत, आणि ती आपण कधी दिलीच नव्हती. नायलॉनचा दोर स्वस्त आहे, कुजत नाही, तुटत नाही. बैलाच्या नाकात मात्र तो काचतो.

मोट, नाडा, सोंदूर. विजेची मोटर आली आणि एका पिढीत संपलं.

कल्हई. कथील, नवसागर, भाता. पितळी भांडी लग्नातसुद्धा निघेनाशी झाली. कल्हईवाला कशासाठी येईल?

घोंगडी. जामखेड तालुक्यातलंच चोंडी हे अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव, आणि त्यांच्या नावाने आता जिल्हा ओळखला जातो. पण धनगराच्या मेंढीची लोकर कातरल्यावर कुठे टाकावी हा प्रश्न त्याच जिल्ह्यातल्या मेंढपाळाला पडलेला आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिचं सूत खड्डामागावर विणून, चिंचोक्याची खळ कुंच्याने चोळून घोंगडी ताठ करतात. तिच्यावर पाऊस लगेच मुरत नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीचं जावळ सगळ्यात मऊ, त्याची घोंगडी सगळ्यात महाग. बाजारात आता बाहेरून आलेलं रंगीत ब्लँकेट जास्त खपतं. नाव अहिल्याबाईंचं दिलं, तर मेंढपाळाची लोकर विकत घेणारी एक चालती व्यवस्थाही जिल्ह्याला द्या, एवढं म्हणायला हरकत नसावी.

*

काही गोष्टी मी या यादीत मुद्दाम जमेच्या बाजूला लिहितो. १९५८ च्या कायद्याने महारकीसारखी कनिष्ठ वतनं गेली आणि त्यांच्याबरोबर वेठ गेली. बाबासाहेबांनी तीस वर्षं आधीपासून त्यासाठी झगडा मांडला होता. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो आणि भटक्या जमाती तिथे जमतात. त्याच यात्रेत जातपंचायती बसत आणि माणसं वाळीत टाकली जात. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला, त्याआधीही कार्यकर्त्यांनी तिथे पाय रोवले. गाढवं कमी झाली त्याचं वाईट वाटतं. पंचायती कमी झाल्या त्याचं अजिबात नाही.

*

शेवटी चोपड्या. पेठेतल्या प्रत्येक पेढीवर लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वह्या असत: रोजमेळ, खतावणी, नावे-जमा. बऱ्याचशा मोडी लिपीत. गावाने कोणत्या साली काय पेरलं, कोणत्या दुष्काळात कोणी दागिना ठेवला, दोराला किती पैसे पडत, हाली रुपयाचा बट्टा काय होता, हे सगळं त्यांत उतरलेलं आहे. खर्ड्याच्या लढाईची बखर आहे, कागद आहेत. खर्ड्याच्या पेठेची बखर या वह्यांतच सापडायची. मोडी शाळेतून जाऊन सत्तर वर्षं झाली, वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरले, आणि वाडे विकताना या वह्या पोत्यांत भरून रद्दीत जातात.

२०२१ च्या दसऱ्याला खर्ड्याच्या किल्ल्याजवळ ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज उभा राहिला. तो बघायला लांबून माणसं येतात, येऊ द्यावीत. त्यांच्यापैकी ज्यांचं मूळ घर अशा एखाद्या बाजारगावात आहे, त्यांना एक विनंती. माळ्यावरची चोपडी रद्दीवाल्याला देऊ नका. वाचता येत नसेल तर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, आणि मूळ वही नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात किंवा मोडी शिकणाऱ्या जवळच्या कोणाकडे पोचवा. घरात पायली असेल तर तिच्यावर तांबड्या रंगाने गावाचं नाव घाला आणि शाळेला द्या. दोर वळणारं, घोंगडी विणणारं माणूस ओळखीचं असेल तर या उन्हाळ्यातच त्याच्याकडे जा, त्याच्या कामाचे पैसे द्या आणि ते करताना त्याचे हात नीट बघून घ्या.