उतारावरचे जोते

गतवर्षी हैदराबादेस जाण्याचा योग आला असता एका परिचित कुटुंबाचे नवे घर पाहावयास मिळाले. घर अजून जोत्यापर्यंतच आले होते. ती भूमी म्हणजे सुमारे २५० कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटचा माळ. एका कोपऱ्यात कुदळ मारताच ठिणगी उडते, तर दहा पावलांवर नुसता मुरूम लागतो. त्यातून जागा उताराची. वरच्या अंगाला जोते दीड फूट, खालच्या अंगाला साडेचार फूट!

घरात आजी. गुडघे अधू. म्हणून सारे घर एका पातळीत असावे हा मुलाचा आग्रह, आणि तो रास्तच होता. गवंडी म्हणाला, "पायाची निघालेली माती आत लोटू, वर फरशी बसवू, आठ दिवसांत काम फत्ते."

वाचकहो, खरी मेख येथेच आहे. भिंती उभ्या असतात पायावर, फरशी मात्र भरावावर. दीड फुटांचा भराव थोडा दबतो, साडेचार फुटांचा पुष्कळ. एकदोन पावसाळे गेले की भिंत जागच्या जागी आणि फरशी खालच्या कोपऱ्यात खचलेली! शिवाय ओला भराव भिंतीला बाहेर रेटतो. काळी माती असेल तर विचारूच नका. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. भराव घालायचाच तर चांगल्या मुरुमाचा, सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी शिंपडून धुमसाने चोपलेला. मोठे दगड वेचून काढावे, कारण त्यांच्याखाली पोकळी राहते. हे आठ दिवसांचे काम नव्हे.

याच शहरात बंजारा हिल्सवर मेहदी नवाज जंग यांनी खडक न फोडता त्यांच्याच आधाराने आपले घर उभारले होते. (हेच गृहस्थ १९६० साली गुजरातचे पहिले राज्यपाल झाले.) मी तो दाखला दिला. मुलगा म्हणाला, "फादर, आजीला खडकावर चढवू काय?"

पुष्कळ खल झाला. शेवटी ठरले ते असे : आजीची खोली, स्वयंपाकघर व न्हाणीघर वरच्या अंगाला, एकाच पातळीत, बैठकीची खोली तीन पायऱ्या, म्हणजे दीड फूट, खाली. त्यामुळे खालच्या कडेचा भराव तीन फुटांवर आला, आणि बैठकीचे जोतेही भोवतालच्या जमिनीहून दीड फूट उंच राहिले. पाहुण्यांचे गुडघे धड असतात, असे सूनबाईंचे म्हणणे पडले.

गवंडी मात्र नाखूष होता. बांधलेल्या भिंतीचे वरचे थर त्याला उतरवावे लागणार होते.