खिडकीचे पैसे

के. आर. पुरमच्या हँगिंग ब्रिजवरून पूर्वेला चेन्नईकडे निघा की पश्चिमेला मंगळूरकडे, समुद्र गाठायला तीनशे किलोमीटरांच्या वर जावं लागतं. मुंबई-गोवा क्रूझला जायचं ठरलं तेव्हा बोटीतलं काही कळणारं माणूस घरात एकच होतं: माझ्या सासूबाई, देवगडच्या, वय 78.

मुंबईहून सुटणारी कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ ही 1990 सालची बोट. तिच्यात सगळ्यात स्वस्त कॅबिन आतली, म्हणजे बिनखिडकीची. त्यावरची समुद्र दिसणारी. तिची काच उघडत नाही. बाल्कनी हवी तर सुइटपर्यंत चढावं लागतं, आणि तो विचार आम्ही केलाच नाही. जाहिरातीतला आकडा दोघांच्या कॅबिनमधल्या एकाचा असतो, बंदराचे कर वेगळे, हे कळेपर्यंत एक संध्याकाळ गेली. आम्ही चौघं. एकाच कॅबिनमध्ये राहिलो तर भिंतीतून खाली येणाऱ्या वरच्या बर्थवर मुलगा आणि नवरा, खाली आई आणि मी. आतली आणि खिडकीची यांतला फरक आमच्या घराच्या महिन्याच्या हप्त्याच्या निम्मा भरत होता.

खिडकीचा हट्ट माझा होता. या फ्लॅटमध्ये आईंच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या युटिलिटीत उघडते. वर्षभर त्या दुसऱ्यांचे वाळत घातलेले कपडे बघतात. दोन दिवस तरी त्यांना समुद्र दिसावा. शिवाय त्यांचं गाव वाटेवरच. नवऱ्याने नकाशा उघडला. गोव्याकडे जाताना किनारा बोटीच्या डाव्या हाताला, येताना उजव्या. म्हणजे खिडकी घेतली तरी एका फेरीला समोर नुसता अरबी समुद्र. आणि बोट सुटते संध्याकाळी.

‘‘माका खिडकी कित्याक व्हयी गो? रातीक काळोखात काय दिसतला?’’ आई म्हणाल्या.

त्यांच्या वेळी कॅबिन हा शब्दच नव्हता. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटी भाऊच्या धक्क्यावरून सुटायच्या. लोअर डेकवर सतरंजी पसरली की तेवढी जागा आपली. वरच्या डेकला चार पैसे जास्त, पण वारा. खाली इंजिनची धग, तेलाचा वास आणि ओकणारी माणसं. मराठीत ‘गाडी लागते’ म्हणतो, त्याआधी ‘बोट लागते’ म्हणत असणार, असं मला वाटतं. देवगडला बोट बाहेर उभी राहायची आणि अंधारात, कडेवर पोर घेऊन, हलत्या होडीत उतरायचं. ते पोर म्हणजे माझा नवरा. पावसाळ्यात बोटी बंद. 1980 च्या दशकाबरोबर ती वाहतूकही संपली.

बोट लागू नये म्हणून आई तेव्हा लोअर डेकवर मधोमध जागा धरत. कारण साधं आहे: सी-सॉवर टोकाचा माणूस वरखाली होतो, मधला जागेवर राहतो. बोटीचंही तसंच, नाळ आणि वरचे मजले जास्त हलतात. आतल्या कॅबिनी मधल्या भागात, खालच्या मजल्यांवर मिळत होत्या. डेकचा नकाशा बघताना आणखी एक पाहिलं, डोक्यावर नाचगाण्याचा हॉल नको.

मग आईंनी त्यांना खरं काय हवंय ते सांगितलं. त्यांना उघड्या डेकवर बसायचं होतं, रात्री, आणि कोणाला न उठवता वर जायचं होतं. गुडघ्यांमुळे जिना नको. हे ऐकल्यावर खिडकीचा विषय मी सोडला. लिफ्टला अगदी चिकटून असलेल्या कॅबिनीत रात्रभर माणसांचा आवाज. फार लांब गेलं तर बोळ चालून आई दमणार. लिफ्टपासून सहावी, आतली, मधली, अशी एक सापडली. पुढे नंबर कळवू, अशा बोलीवरची कॅबिन अजून स्वस्त पडत होती. ती घेतली नाही, कारण आम्हाला नंबरच हवा होता.

उरलेल्या पैशांत बंगळूर-मुंबई गाडीचं आईंचं तिकीट स्लीपरऐवजी टू एसीचं काढलं, खालचा बर्थ.

देवगडसमोरून बोट साधारण किती वाजता जाईल, हे विचारायचं काम मुलाकडे आहे. रात्रीचे दोन वाजले तरी उठवा, असं आईंनी सांगून ठेवलंय.