फॉर्ममधला एक रकाना

ऑफिसातल्या आम्ही चौघांनी पाच वर्षे भिशी लावली, ती दागिन्यांसाठी नव्हे. आम्हांला समुद्राखालचे फोटो काढायचे आहेत आणि त्यासाठी मालदीवच्या सफारी बोटीवर आठवडाभर राहायचे आहे. अशा बोटीला लिव्हअबोर्ड म्हणतात. तिथेच जेवायचे, तिथेच झोपायचे आणि दिवसातून तीनदा पाण्यात उतरायचे. सोबत धोणी नावाची छोटी बोट असते. तिच्यावर हवेच्या टाक्या आणि त्या भरण्याचे यंत्र असते. मुंबईहून माले विमानाने जेमतेम तीन तासांवर आहे.

पैसे जमले म्हणजे तयारी झाली, असा आमचा भाबडा समज होता. तो तारकर्लीला मोडला.

तिथे आम्ही पाणबुडीचे पहिले शिक्षण घ्यायला गेलो होतो. पाठीवरच्या टाकीत प्राणवायू असतो असे आम्ही समजत होतो. ती साधी, दाबून भरलेली हवा असते. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाचा दाब वाढतो. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. म्हणून पहिला नियम हा की, श्वास कधीही रोखायचा नाही. दुसरा नियम, सावकाश वर यायचे आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. पहिल्या प्रमाणपत्रावर अठरा मीटरपर्यंत जाता येते. मालदीवच्या खाड्यांत प्रवाह जोरदार असतात, त्यामुळे पुष्कळ बोटी त्यापुढचे प्रमाणपत्र आणि थोडाफार अनुभव मागतात.

पहिल्याच दिवशी प्रकृतीचा फॉर्म भरायचा होता. आम्ही सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहिले. रात्री खोलीवर आमच्यातला एक मित्र खिडकीशी पाठमोरा उभा राहून दम्याचा पंप ओढताना दिसला. भिशीचा हिशेब पाच वर्षे पैशापैशाने चोख ठेवणारा तोच!

रात्री अकरापर्यंत वाद झाला. ‘‘दोन वर्षांत एकदाच त्रास झालाय. आता सांगितलं तर मला उतरू देणार नाहीत,’’ तो म्हणाला. खरे सांगायचे तर आमच्यापैकी एकाला क्षणभर वाटले, राहू दे, कशाला बोभाटा? पण दम्यात श्वासनलिका आखडली तर हवा फुप्फुसात अडकते आणि वर येताना तीच फुगून फुप्फुस फाटू शकते. हे दुपारीच आम्ही शिकलो होतो. सकाळी त्याने स्वतः जाऊन खरे सांगितले. आम्ही तिघे पाण्यात उतरलो, तो किनाऱ्यावर बसून राहिला. मुंबईला आल्यावर छातीच्या डॉक्टरांनी तपासणी केली आणि निकाल दिला : टाकी लावून खाली जायचे नाही, पण दमछाक न करता, पंप जवळ ठेवून वरच्यावर पोहायला हरकत नाही.

आता काय? तिघांनी जायचे आणि चौथ्याने भिशीतला वाटा परत घ्यायचा? मग नकाशा पुन्हा पसरला. आमचा बेत फेब्रुवारीचा होता; तेव्हा समुद्र शांत आणि पाणी नितळ. पण बा अॅटोलमध्ये हनिफारू नावाचा उपसागर आहे. नैऋत्य मोसमी काळात तिथे सूक्ष्म जीवांचे थवे साचतात आणि ते खायला मोठमोठे मांटा मासे जमतात. बा अॅटोलला युनेस्कोने २०११ साली जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. हनिफारूत टाकी लावून उतरायला बंदी आहे. तोंडाला नळी लावून वरूनच पाहायचे. म्हणजे तिथे आम्ही चौघे सारखेच!

तारीख ऑक्टोबरात नेली. आगाऊ रकमेतला थोडा भाग नियमाप्रमाणे कापला गेला. पाऊस लागेल, पाणी गढूळ असेल. चालेल.

बाकीची तयारीही सांगतो. पाण्यात लाल रंग पाच-सहा मीटरवरच विरतो आणि फोटो निळाशार येतो. म्हणून फ्लॅश हवा आणि वस्तूच्या जवळ जायला हवे. कॅमेऱ्याची जलरोधक पेटी पहिल्यांदा रिकामीच बुडवून पाहावी. तिच्या रबरी कड्यावर एक केस अडकला तरी पाणी शिरते. लिथियमच्या बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच ठेवाव्यात. शेवटच्या बुडीनंतर आम्ही चोवीस तास विमानात बसणार नाही. आणि शरीर पाण्यात स्थिर ठेवता येईपर्यंत कॅमेरा बोटीवरच राहील. फोटोच्या नादात पायाने प्रवाळ मोडणे हे पापच. १९९८ आणि २०१६ साली तापलेल्या पाण्याने तिथले प्रवाळ आधीच पांढरे पडले होते.

एका मित्राच्या आईने बॅगेत छोटी बुद्धमूर्ती ठेवली होती. पूजेच्या मूर्ती त्या देशात नेता येत नाहीत, म्हणून ती घरीच राहील. ११५३ साली इस्लाम स्वीकारण्यापूर्वी ती बेटे बौद्ध होती. मालेच्या संग्रहालयातली त्या काळची प्रवाळदगडी शिल्पे २०१२ च्या फेब्रुवारीत जमावाने फोडली. आईंना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘जा, पण सगळे मिळून परत या.’’

आमचे एवढेच सांगणे. हौस करा, जरूर करा. कष्टाच्या पैशाने केलेल्या हौसेची लाज नको. पण फॉर्ममधला रकाना खरा भरा. भिशीचा हिशेब अजून त्याच मित्राकडे आहे आणि जलरोधक पेटी तपासण्याचे कामही आता त्याच्याकडेच दिले आहे.