कशावरून?

जून उजाडला की आमच्या शहरात औरंगपुऱ्यातल्या दुकानांत पाठ्यपुस्तकाआधी गाईडची चौकशी होते. आमच्या वेळीही तसंच होतं. शाळेत बाई कविता चालीवर म्हणून घेत, मग अर्थ सांगत. आम्ही तो वहीत उतरवून घेत असू. अर्थ बाईंकडे असतो आणि आपल्याकडे वही, एवढं डोक्यात पक्कं बसलं.

ते मोडलं विद्यापीठात. मराठी विभागात कुणी कवितेविषयी काही बोललं की सर एवढंच विचारायचे, ‘कशावरून?’ ना शाबासकी, ना खोडून काढणं. मग ओळीकडे परतायचं आणि बोट ठेवून दाखवायचं. कधी नेमका शब्द सापडे, कधी आपलंच म्हणणं ओळीपुढे विरून जाई. सुधीर रसाळांचं ‘कविता आणि प्रतिमा’ त्याच दिवसांत वाचलं. रसाळ सर याच विभागात शिकवत. एका प्रतिमेपाशी किती वेळ थांबता येतं, ते त्या पुस्तकामुळे कळलं.

या शहरानं हा प्रश्न आणखी एका अंगानं विचारलेला आहे. १९५० साली बाबासाहेबांनी इथं महाविद्यालय काढलं, तेच पुढे ‘मिलिंद’ झालं. ज्यांच्या घरात पुस्तक नव्हतं, अशी मुलं वर्गात येऊन बसली. गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकात पुढे जे लिहिलं गेलं, त्यामागे मला तेच ऐकू येतं: हे साहित्य सगळ्यांचं, कशावरून?

मी शिकवायला लागले तेव्हा रसग्रहणाचे साचे मुलांना तोंडपाठ असायचे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. आणि कवी कुणीही असो, भाषा ‘साधी, सोपी, ओघवती’! एकदा अपठित उतारा दिला. रात्रभर पाऊस, गळकं छप्पर, आई घरभर भांडी मांडते आहे. बहुतेकांनी ‘गरिबीचे विदारक चित्र’ लिहिलं. वैजापूरकडच्या एका मुलीनं मात्र लिहिलं, आई खुशीत आहे. मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, ‘मॅडम, आधी ती हंडा ठेवते. गळतीखाली कुणी हंडा ठेवतं का? परात ठेवतात. तिला पाणी भरून घ्यायचंय.’ उताऱ्यात खरंच हंडा पहिला होता. पाण्याच्या टँकरमागे पळालेल्या मुलीलाच तो दिसावा, यात नवल नाही. पण तिचं उत्तर टँकरवर नाही, उताऱ्यातल्या शब्दावर उभं होतं. आठवण शब्दापर्यंत घेऊन जाते, पुरावा शब्दानंच द्यावा लागतो. हा फरक शिकवायला मला वर्षाचा बराचसा वेळ लागतो. बाकी अलंकार वगैरे मुलं आपापली शिकतात.

‘ज्याला जे वाटेल तो अर्थ’ हेही मी चालू देत नाही. तो गाईडइतकाच आळस आहे.

आता कृतिपत्रिकेत स्वमताला जागा आहे, पण तपासणाऱ्याच्या हातात नमुना उत्तरही असतं. म्हणून पेपर तपासणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती. उत्तर नमुन्याशी जुळत नसेल, पण मुलानं ओळीवर बोट ठेवलं असेल, तर गुण पूर्ण द्या.