जेवायचंय, नाचायचंय आणि राहायला सदाशिव पेठेत

पुण्यात आलेल्या पाहुण्याने "चांगलं जेवण कुठे मिळेल?" असं विचारलं की आपल्या अंगात येतं. बादशाही, दूर्वांकुर, पूना गेस्ट हाउस, शेवटी निंबाळकर तालमीपाशी सुजाताची मस्तानी... यादी तोंडपाठ असते. "नाच कुठे बघायला मिळेल?" हाही सोपा प्रश्न. टिळक स्मारक, भरत नाट्य, नाहीतर नदीपलीकडे बालगंधर्व. पेपर उघडा, काहीतरी असतंच. पण हे दोन्ही जोडून कोणी विचारलं, म्हणजे "जेवायचंय आणि तिथेच नाचायचंय, आम्ही स्वतः," तर सदाशिव पेठेतला माणूस हँग होतो. रीस्टार्टच करावा लागतो.

गेल्या डिसेंबरात माझी मावशी आणि काका टोरांटोहून आले होते. दोघंही मूळचे पेठेतलेच, दोघंही एस.पी.चे. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आले होते. तिकडे गेली काही वर्षं दर शुक्रवारी ते एका कम्युनिटी सेंटरमध्ये नाचायला जातात. आधी काकांच्या डॉक्टरने व्यायाम सांगितला म्हणून, मग आवडायला लागलं म्हणून. तर मावशीने मला रिक्वायरमेंट दिली, "अरे, एक संध्याकाळ आम्हाला अशी जागा शोधून दे, जिथे धड जेवता येईल आणि मग दोघांना चार गाण्यांवर नाचता येईल. चालत जाण्यासारखी असली तर फारच छान."

चालत! म्हटलं, मावशी, तू तीस वर्षं बाहेर आहेस ते कळतं बरं का.

पण मग मी जरा गंभीरपणे विचार करायला लागलो, की नसते का अशी जागा पेठेत? आणि का नसते?

पहिलं कारण अगदी सरळ धंद्याचं आहे. आपल्याकडची डायनिंग हॉलची थाळी म्हणजे वेगाचा खेळ. नाव लिहायचं, बाहेर उभं राहायचं, नंबर लागला की आत जायचं, आणि शेवटचा ताकाचा घोट घेतो न घेतो तोच पुढचा माणूस खुर्चीच्या मागे उभा असतो. खुर्ची जितकी जास्त वेळा भरेल तितका धंदा. नाचाला जागा ठेवायची म्हणजे सहा-आठ टेबलं काढायची, आणि आलेला माणूस तीन तास हलायचा नाही. हे नुकसान भरून निघतं ते बहुतेक ठिकाणी दारूच्या बिलातून. दारूचा परवाना हवा तर शाळा आणि देवळापासून ठरावीक अंतर लागतं. आता सदाशिव पेठेत चालत निघा. भावे स्कूल, ज्ञान प्रबोधिनी, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, भिकारदास मारुती, चिमण्या गणपती... अंतर मोजायला टेप उघडायची सोय नाही. शिवाय नाचगाण्याच्या जागेसाठी पोलिसांचा वेगळा परवाना. आणि रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा 2000 सालचा केंद्राचा नियम. शेजारी वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा 9 वाजून 59 मिनिटांनी फोन हातात घेऊन तयार!

पण ही झाली कागदावरची कारणं. मला त्याच्या मागचं एक जास्त महत्त्वाचं वाटतं. पेठेत जेवण आणि नाच एकत्र कधी नव्हतेच असं अजिबात नाही. उलट फार जुने आहेत.

1803 साली लॉर्ड व्हॅलेन्शिया नावाचा इंग्रज पाहुणा पुण्यात आला, तेव्हा दुसऱ्या बाजीरावाने त्याला हिराबागेत मेजवानी दिली होती. म्हणजे आजच्या टिळक रोडवर! पेशव्यांकडच्या अशा मेजवान्यांत नाच असायचा, पण नाचणाऱ्या वेगळ्या आणि बघणारे वेगळे. पुढे लावणीचंही तेच. फडावर असो की थिएटरात, बाई नाचणार आणि पुरुष बसून बघणार.

घरातला नाच घ्या. श्रावणातली मंगळागौर. नव्या नवरीने सकाळी पूजा करून मुक्याने जेवायचं, आणि रात्री सगळ्या बायकांनी जागरण करायचं. झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा, आगोटा-पागोटा. वाटली डाळ, मटकीची उसळ, भाजणीचे वडे यावर ताव मारून पुन्हा फुगडी. अस्सल 'डिनर अँड डान्स' म्हणतात तो हाच, फक्त पुरुषांना प्रवेश नाही. त्यांनी गच्चीवर नाहीतर शेजाऱ्यांकडे झोपायला जायचं. मावशी सांगत होती, तिच्या पहिल्या मंगळागौरीला ती पहाटे चारपर्यंत नाचली आणि काका खालच्या मजल्यावर कानावर उशी घेऊन पडले होते.

आणि पुरुषांचा नाच? तो रस्त्यावर. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोड, कुमठेकर रोड, टिळक रोड, तिन्हीकडून मिरवणुका जातात. पेठेला दोन बाजूंनी आणि मधोमध ताशा. प्रबोधिनीच्या बर्चीने तर नाचाला शिस्त लावून दाखवली. आता ढोल-ताशा पथकांत मुली भरपूर असतात, आणि हा मला पेठेतला मोठाच बदल वाटतो. जी मुलगी पूर्वी गॅलरीतून मिरवणूक बघायची ती आता कमरेला ढोल बांधून त्याच गॅलरीखालून जाते. पण तिथेही वादक शेजारी शेजारी असतात. समोरासमोर नाही.

म्हणजे बघा, बायकांनी घरात नाचायचं, पुरुषांनी रस्त्यावर, आणि स्टेजवरचा नाच बसून बघायचा. नवरा-बायकोने एकमेकांकडे बघत नाचायचं, याला पेठेत जागाच ठेवलेली नाही. परवाना वगैरे नंतरच्या गोष्टी.

हे काकांच्या बोलण्यातून जास्त कळलं. टोरांटोत दर शुक्रवारी नाचणारे काका इथे उत्साहात नव्हतेच. मावशी बाजूला गेल्यावर मला हळूच म्हणाले, "जागा शोध, पण लांबची शोध. इथे मला ओळखणारे लोक अजून जिवंत आहेत."

मग मी दोन कामं वेगळी केली. जेवण पेठेत, नाच बाहेर. साडेसातला दूर्वांकुर गाठायचं, आणि मग रिक्षा करून कोरेगाव पार्क. तसा पुण्यात असा नाच पूर्वी कॅम्पात व्हायचा, इंग्रजांच्या क्लबांत. 1974 मध्ये ओशो आश्रम आला आणि परदेशी मंडळींसोबत कोरेगाव पार्कचा नूर बदलला. नंतर आयटी आलं, आपल्यासारखी पोरं आली, आणि पब तिकडेच वाढले. पेठेतून साताठ किलोमीटर, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास. तेवढ्यात श्रीखंडही जिरतं.

एका ठिकाणी जुन्या गाण्यांची रात्र होती. फोन केला.

"सर, कपल की स्टॅग?"

"कपल."

"सर, ड्रिंक्ससाठी पंचवीस पूर्ण लागेल. एज प्रूफ आणायला सांगा."

म्हटलं, पासष्ट पूर्ण आहे, चालेल ना? पलीकडे थोडा वेळ शांतता.

पोचलो तेव्हा आत सरासरी वय सव्वीस असेल. काकांनी आधी सगळी टेबलं नजरेखालून घातली, ओळखीचं कोणी नाही याची खात्री केली, आणि मग उठले. डीजेच्या पोराला मावशीने जाऊन काहीतरी सांगितलं, त्याने आवाज कमी करून जुनं हिंदी गाणं लावलं. दोघं नाचले. उत्तम नाचले असं नाही, मावशीचा गुडघा मधेच कुरकुरला, पण पावलं नेमकी पडत होती. तिसऱ्या गाण्याला बाजूच्या टेबलावरचा एक मुलगा उठून आला, "तुम्ही आमच्या वाड्यातले काका ना? मी अमक्यांचा नातू!"

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन सेकंद गेले. मग म्हणाले, "हो. आजोबांना सांगशील तर नीट सांग. चा-चा-चा होता म्हणावं, नुसतं नाचत होते असं नको."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. चौथं गाणं तिने गुडघ्याचं न ऐकता केलं.

असो. तुमच्याकडे असे पाहुणे येणार असतील तर फोनवरच तीन गोष्टी विचारून घ्या. नाचायला वेगळी मोकळी जागा आहे की टेबलांच्या मधे उभं राहून डोलायचं? गाणी किती वाजता सुरू होतात? आणि जागा गच्चीवर आहे की आत? गच्ची असेल तर 10 चा नियम आहेच, म्हणजे 9 ला सुरू होणाऱ्या नाचाला एकच तास. जेवण मात्र पेठेतच उरकून जा, आणि बहुतेक डायनिंग हॉलना रविवारी संध्याकाळी सुट्टी असते हे लक्षात ठेवून वार ठरवा.

परतताना रिक्षात मावशीला एकदम आठवलं, की पेठेत अशी एक जागा आता आहे की! मंगल कार्यालय. हल्ली आपल्याही लग्नांत आदल्या दिवशी संगीत असतं, कोरिओग्राफर असतो, काका-काकू, मामा-मामी जोडीने नाचतात, शेजारी जेवणाचे टेबल मांडलेले असतात आणि कोणी नाव ठेवत नाही. फक्त त्यासाठी घरात कोणाचं तरी लग्न ठरावं लागतं.

दुसऱ्या दिवशी माझी धाकटी बहीण भेटायला आली. मावशीने चहाचा कप तिच्या हातात देता देता विचारलं, "मग, तुझं काय ठरतंय?"