तिबोटीचा पहारा

भाची कोस्टा रिकाला चालली आहे. फिरायला नव्हे, जंगलात राबायला. कासवांची घरटी राखायची, पायवाटा साफ करायच्या, रोपं लावायची. आणि या कामाचे पैसे आपणच भरायचे. तिच्या आजीला ते काही केल्या पटेना. "पैसे मोजून झाडलोटच करायची, तर आपलं अंगण काय वाईट आहे?" घरातले सगळे हसले. आजीचं अगदीच चुकलं होतं असं मात्र नाही.

पनवेलकरांचं अंगण म्हणजे कर्नाळा. गोव्याच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरांवर तो अंगठ्यासारखा सुळका दिसतो. त्याच्या कपारींत आग्या माश्यांची पोळी लटकलेली असतात. वासुदेव बळवंत फडके जवळच्याच शिरढोणचे. त्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार. अभयारण्याचा विस्तार जेमतेम बारा चौरस किलोमीटर, आणि त्याच्या पोटातूनच महामार्ग गेलेला. पहिल्या वळणापर्यंत ट्रकचे हॉर्न सोबतीला असतात. मग भांगराज शीळ घालतो, किंवा भांगराजाच्या गळ्यातून दुसराच कुणी पक्षी. तो नकलाकार इतका पट्टीचा की पक्षी मोजायला आलेल्यांच्या यादीत हमखास घोळ घालतो.

हे वर्षावन नव्हे, हे कबूल. एप्रिलात इथे वाळक्या पानांवर पाऊल टाकलं की अख्ख्या रानाला वर्दी जाते. पण मृग बरसला की चार महिने हे रान कुणालाही हार जात नाही. ओहोळ बोलू लागतात, खोडांवर शेवाळ चढतं, आणि तिबोटी खंड्या येतो.

रायगडचा हा जिल्हा पक्षी चिमणीहूनही लहान. पिवळं पोट, पाठीवर जांभळी झाक, शेंदरी चोच. रंगपेटी सांडावी तसा. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत तो बीळ कोरतो. पिल्लं झाली की नर-मादी दोघंही पाली, सापसुरळ्या, बेडूक, खेकडे पकडून आणतात आणि फांदीवर आपटून आपटून मऊ करतात. आणि नेमकं याच वेळी कॅमेरेवाले येतात. समोर माणसं असली की पक्षी बिळात शिरत नाही. चोचीत मुठा, म्हणजे खेकडा, धरून डहाळीवर बसून राहतो, डोकं खाली-वर करतो, उडतो, पुन्हा तिथेच येऊन बसतो. आत पिल्लं उपाशी. कॅमेऱ्याला मात्र याहून सुरेख पोझ मिळायची नाही.

आमचं श्रमदान ते एवढंच: वाटेच्या वळणावर छत्री घेऊन उभं राहायचं आणि "दादा, जरा मागे व्हा" म्हणायचं. त्याचा फोटो कुणाला दाखवण्यासारखा होत नाही. पायाला जळवा, चष्म्यावर वाफ, आणि वर "तुम्ही कोण सांगणार?" हे ऐकून घ्यायचं. पण लोक चार पावलं मागे हटतात, डहाळी रिकामी होते, बिळातून किलबिल उठते. आपण काहीच केलेलं नसतं, नुसती वाट मोकळी केलेली असते.

याच पावसात कातकरणी मुठे धरायला ओढ्यावर येतात. तिबोटीचं आणि त्यांचं भक्ष्य एकच. कुठल्या दरडीत बीळ आहे हे त्यांना आमच्याआधी ठाऊक असतं. त्यांच्यातली एक आमच्या छत्र्यांकडे पाहून म्हणाली, "पाखराला राखण?" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. स्वयंसेवकाचा बिल्ला तिला कुणी दिलेला नाही. द्यायचाच झाला तर पहिला तिला द्यायला हवा.

तरी भाचीने जावं असंच मला वाटतं. तो देश महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याएवढा. 1948 साली त्याने सैन्यच मोडीत काढलं. पुढे, 1951 मध्ये, लष्करी सक्ती नको म्हणून अमेरिका सोडलेली क्वेकर कुटुंबं तिथल्या माँटेव्हर्देला येऊन राहिली. गुरं पाळली, चीज केलं, आणि पाण्याचे उगम टिकावेत म्हणून डोंगरमाथ्यावरच्या रानाला हात लावला नाही. 1987 मध्ये स्वीडनमधल्या एका खेडेगावातल्या शाळकरी मुलांनी पैसे जमवून तिथल्या जंगलाचा तुकडा घ्यायला सुरुवात केली. ते राखीव रान आज बावीस हजार हेक्टरांच्या पुढे गेलं आहे. म्हणजे आमची अठरा कर्नाळी त्यात सहज मावतील. त्या मुलांपैकी बहुतेकांनी तेव्हा ते जंगल पाहिलेलंही नव्हतं, हे मला फार आवडतं.

कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोच्या कालव्यांवरही एक बुटका खंड्या असतो, पाठीला हिरवा, पोटाला तांबूस, उंचीने आपल्या तिबोटीएवढाच. तोही मातीतच बीळ करतो. "तो बघ," मी भाचीला म्हटलं, "आणि तिथे माणसांना मागे कोण सारतं, तेही बघून ये." ती परतेल तोवर श्रावण लागलेला असेल. पहिली वीण फसली तर तिबोटी दुसरी घालतो, म्हणजे वळणावर उभं राहायला माणूस लागणारच. तिची छत्री मी ठेवून घेतली आहे. तिकडे म्हणे सगळे रेनकोटच घालतात.